भिंतीकडची कूस

माझ्या हातचा मार खाल्लेली माणसं भोपाळभर पसरलेली आहेत, आणि विशेष म्हणजे ती प्रेमाने भेटतात. परवा बिट्टन मार्केटच्या भाजीबाजारात मेथी बघत होते, तर एक दणकट गृहस्थ समोर येऊन वाकले आणि बायकोला म्हणाले, "यही हैं वो मैडम, जिन्होंने मुझे हफ़्ता भर पीटा था।" ती बाई हात जोडून हसली. मेथीवाल्याने मला एकदा नीट न्याहाळलं आणि न मागता थोडी कोथिंबीर पिशवीत टाकली. ती आदरापोटी होती की भीतीपोटी, ते मी विचारलं नाही.

खुलासा करते. मी छातीची फिजिओथेरपिस्ट. आता निवृत्त. फिजिओथेरपी म्हटलं की लोकांना गुडघे आणि आखडलेले खांदे आठवतात. माझं गिऱ्हाईक निराळं. न्यूमोनिया झालेले, दम्याने बेजार झालेले, ऑपरेशननंतर टाके तुटतील म्हणून खोकायला घाबरणारे. छातीत साचलेला कफ सुटावा म्हणून मी हाताची द्रोणासारखी पोकळी करून त्यांच्या पाठीवर थापट्या मारायची. नीट मारल्या तर दुखत नाही, नुसता टपटप आवाज होतो. पण पडद्याबाहेर बसलेल्या नातेवाइकांचा जीव वरखाली होतो. रोगी मला थपकीवाली दीदी म्हणायचे. केस पांढरे झाले तशी थपकीवाली अम्मा झाले. आमच्या धंद्यातली बढती ती एवढीच.

माझे वडील सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून इथे आले. मी जन्मले ती भोपाळातच. त्यामुळे माझं मराठी नागपूरचं, हिंदी भोपाळची, आणि चिडले की दोन्ही एकदम बाहेर पडतात. सगळी नोकरी शहरातल्या एका ट्रस्टच्या इस्पितळात झाली. मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून संपादक मागे लागले तेव्हा मी म्हटलं, कफाबद्दल दिवाळीत कोण वाचणार? ते म्हणाले, फराळाआधी नाही वाचणार, नंतर वाचतील. तेव्हा आधी फराळ करून घ्या.

आमच्याकडे तीन चेंडूंचं एक प्लॅस्टिकचं खेळणं असतं. नळी तोंडात धरून हवा आत ओढायची, की चेंडू एकेक करून वर चढतात. फुप्फुस उघडायला उत्तम. पण नळी तोंडात दिली की माणूस फुंकतो. कितीही सांगा, फुंकतोच. जुन्या भोपाळातले एक पहिलवान होते, पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले. दोन दिवस फुंकून लाल झाले, चेंडू जागचे हलले नाहीत. तिसऱ्या दिवशी गेले तर तिन्ही चेंडू टोकाला आणि पहिलवानांच्या चेहऱ्यावर कुस्ती मारल्याचा आनंद. "लो मैडम, तीनों उठ गईं। हम कह रिये थे ना, फूँक में कमी नईं है।" त्यांनी खेळणं उलटं धरलं होतं. उलटं धरून फुंकलं तर चेंडू वर जातात, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मी त्यांचं अभिनंदन केलं आणि खेळणं सरळ करून परत हातात दिलं. ते माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत.

भोपाळात राहून फुप्फुसांचं काम करते म्हटलं की बाहेरगावचे लोक आवाज खाली आणतात आणि त्या रात्रीबद्दल विचारतात. हो, ते रोगीही माझ्याकडे आले, वर्षानुवर्षं आले. त्यांच्या पाठीवर हात टेकवताना जे वाटायचं ते दोन ओळींत उरकण्यासारखं नाही, आणि हसतखेळत चाललेल्या लेखात त्यांना कोपऱ्यात बसवणं मला बरं वाटत नाही. म्हणून इथे थांबते. आज वझेकाकांची गोष्ट सांगायची आहे.

त्याआधी तुम्हाला फुप्फुसाचा थोडा कारभार समजावून घ्यावा लागेल. घाबरू नका, आमच्या मिसरोदच्या बिल्डिंगीवरून सांगते. पाण्याची टाकी गच्चीवर. तळमजल्याच्या नळाला धो धो धार, आणि चौथ्या मजल्यावर आमच्याकडे करंगळीएवढी. फुप्फुसात रक्ताचं तसंच असतं. हृदयाची जी बाजू फुप्फुसाकडे रक्त ढकलते ती स्वभावाने मवाळ, जोर बेताचा. म्हणून माणूस बसलेला असला की रक्त खालच्या भागाला भरपूर मिळतं आणि शेंड्यापर्यंत जेमतेम पोचतं. हवेचं काय? वरचा भाग आधीच ताणून फुगलेला असतो, त्यात नवी हवा किती मावणार? खालचा भाग स्वतःच्या वजनाने दबलेला, म्हणून श्वास घेतला की तोच जास्त उघडतो. म्हणजे हवाही खाली जास्त जाते आणि रक्तही खाली जास्त जातं. फक्त रक्ताची खाली धाव हवेपेक्षा बरीच मोठी. त्यामुळे वर हवा शिल्लक राहते आणि तळाशी रक्त. दोन फुगे सारखे भरतात नि सारखे रिकामे होतात, हे शाळेतलं चित्र विसरून जा. हवा जिथे आहे तिथे रक्त पोचलं पाहिजे आणि रक्त आहे तिथे हवा, एवढ्यावर आपण सगळे जगतो.

आता माणूस कुशीवर झाला की इमारतच आडवी होते. जी कूस खाली, तो तळमजला. रक्त तिकडे धावणार. म्हणून एकच फुप्फुस आजारी असलं तर मोठ्या माणसाला चांगलं फुप्फुस खाली करून झोपवतात. चांगल्या फुप्फुसात हवा येतेय, रक्तही तिथेच जाऊ दे. आजारी फुप्फुस खाली आलं तर रक्त तिकडे जाऊन हात हलवत परत येतं, कारण तिथे हवाच नसते. तान्ह्या बाळात हा नियम उलटा होतो. त्यांच्या बरगड्या इतक्या मऊ की खालची बाजू दबून जाते आणि हवा वरच्या बाजूने चालते. तिथे चांगलं फुप्फुस वर ठेवतात. हे मुद्दाम सांगतेय, कारण माझा लेख वाचून कोणी आजोबा नातवाला उलटसुलट करायला लागले तर पाप मला लागेल.

वझेकाका ऐंशीच्या घरातले. तरुणपणी पुण्याहून इथल्या मोठ्या कारखान्यात इंजिनियर म्हणून आले, टर्बाइन करण्यात आयुष्य गेलं, निवृत्तीनंतर नेहरू नगरात छोटं घर बांधून राहिले. हिवाळ्यात न्यूमोनिया झाला. डाव्या फुप्फुसाचा खालचा अर्धा भाग पार भरलेला, उजवं स्वच्छ. नाकाला ऑक्सिजनची नळी, बोटाला प्राणवायू मोजणारी क्लिप. वॉर्डातला कोपऱ्यातला पलंग त्यांचा. उशाची बाजू भिंतीला, कारण ऑक्सिजनचं तोंड तिथे. काकांच्या उजव्या हाताला दुसरी भिंत अगदी चिकटून. त्यामुळे खुर्ची ठेवायला जागा फक्त डाव्या बाजूला, आणि त्या खुर्चीत वझेकाकू. काकू बारीक चणीच्या, आवाज मात्र खणखणीत, आणि तो सकाळपासून चालू.

"आणि मग त्या पाटणकरांच्या सुनेने काय केलं असेल?"

"काय?" काका नाकातल्या नळीसकट विचारायचे.

"काही नाही. माहेरी गेली. बरोबरच केलं."

मी पाठीवर थापट्या मारत असले तरी दोघांचं हे थांबायचं नाही. मला तेवढ्यात सगळ्या नेहरू नगरची खबर मिळायची.

आमच्या छातीच्या डॉक्टर तिवारी मॅडम, वयाने लहान पण डोक्याने पक्क्या. त्यांनी पहिल्याच दिवशी ऑर्डर लिहिली होती: उजव्या कुशीवर झोपवा. सकाळी सगळं उत्तम. काका उजव्या कुशीवर नाहीतर उशीला टेकून बसलेले, बोटावरचा आकडा त्र्याण्णव, चौऱ्याण्णव. पण दुपारी जेवण झालं, की आकडा घसरायला लागायचा. अठ्ठ्याऐंशी, सत्त्याऐंशी. संध्याकाळी परत वर. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच.

पहिला संशय बिचाऱ्या डब्यावर आला. काकूंचा घरचा डबा म्हणजे वरणभात, तूप, भाजी, दोन पोळ्या, शिवाय एखादी वडी. पोट भरलं की ते वर दाबतं आणि श्वासाला जागा कमी पडते, हे खरं आहे. तेव्हा आम्ही डबा अर्धा केला. काकूंना ते इतकं लागलं की त्या मला ताईवरून एकदम मॅडम म्हणायला लागल्या. "घ्या मॅडम, एकच पोळी आणलीय. तुमचं समाधान होऊ दे." आकडा मात्र त्या दिवशीही घसरला. काकूंनी मला परत ताई केलं, पण वडी दिली नाही.

मग मी एकदा दुपारी जेवणानंतर मुद्दाम डोकावले. काका डाव्या कुशीवर, गाढ. आजारी फुप्फुस बरोबर तळमजल्यावर. मी त्यांना हलवून जागं केलं.

"काका, उजव्या कुशीवर सांगितलंय ना?"

"ते झोपेचं," काका म्हणाले. "ही वामकुक्षी आहे. जेवणानंतर डाव्या कुशीवरच. शास्त्र आहे ते."

"तुमचं शास्त्र दोन्ही फुप्फुसं धड असलेल्यांसाठी आहे."

मग मी त्यांना तुम्हाला सांगितलं तेच सगळं सांगितलं, टाकी, मजले, हवा, रक्त. इंजिनियरला समजावण्यात मजा असते. त्यांनी मला मध्ये चार प्रश्न विचारले, दोन तर असे की मी उत्तर देताना चाचरले. मी गेल्यावर त्यांनी शेजारच्या पलंगावरच्या गुप्ताजींना माझ्याहून झकास समजावलं. "देखिए, ब्लड है ना, वो ग्रेविटी का ग़ुलाम है।" गुप्ताजींना पोटाचा आजार होता, तरी ते भीतीने दोन दिवस एकाच कुशीवर झोपले.

आणि एवढं करून दुपारी हे गृहस्थ पुन्हा डाव्या कुशीवर. आम्ही त्यांच्या पुढ्यात उशी लावली, तर उशी पायापाशी. लोड लावला, तर लोड जमिनीवर. विचारलं तर म्हणायचे, झोपेत वळलो असेन. आमच्या वॉर्डच्या मर्सी सिस्टर मूळच्या केरळच्या. पंचवीसेक वर्षं भोपाळात काढली तरी त्यांच्या हिंदीत सगळे पुरुष आणि सगळे एकवचनी. त्या म्हणाल्या, "ये अंकल सोता नहीं है। ये अंकल नाटक करता है।" मला ते पटत नव्हतं. समजून उमजून कोण स्वतःचा श्वास कमी करून घेईल?

मग काकूंना जरा पाठ टेकायला मिळावी म्हणून त्यांचा मुलगा मंदार एक दिवस सुट्टी घेऊन आला. तो आमच्याच मिसरोदला राहतो. डबा त्याने आणला, बापलेक जेवले. मी दुपारी गेले तर काका उजव्या कुशीवर, भिंतीकडे तोंड, आकडा त्र्याण्णव. तासाभराने परत गेले, तसंच. तिवारी मॅडमही येऊन बघून गेल्या आणि खूश झाल्या. "आज तो दोपहर बढ़िया गई, अंकल!" मंदार मला म्हणाला, "ताई, बाबांना आता समझ में आलंय. माझं आईइतकं कोण ऐकतं, पण आज ऐकलं त्यांनी." बिचाऱ्याला फारच अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी काकू परत आल्या आणि दुपारी आकडा चौऱ्याऐंशीवर गेला. इतका खाली तो आधी कधी गेला नव्हता. काकांचे ओठ निळसर दिसायला लागले. मर्सी सिस्टरनी धावाधाव करून ऑक्सिजन वाढवला, त्यांना उजव्या कुशीवर वळवलं, तेव्हा हळूहळू सावरले. पण तिवारी मॅडमचा चेहरा कडक झाला होता. काका, काकू दोघांच्या समोर त्या म्हणाल्या, "कल दोपहर फिर गिरा, तो मैं आईसीयू में शिफ़्ट करूँगी। इस उम्र में मैं और इंतज़ार नहीं कर सकती। वहाँ मास्क लगेगा, ज़रूरत पड़ी तो मशीन भी।"

"तिथे मी बसू शकते का?" काकूंनी मला मराठीत विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली. आमच्या आयसीयूत नातेवाइकांना संध्याकाळी थोडा वेळ काचेतून बघायला मिळतं, तेवढंच. काकू पहिल्यांदाच गप्प झालेल्या मी पाहिल्या. हातातलं स्वेटरचं विणकाम त्यांनी पिशवीत ठेवलं, परत काढलं, परत ठेवलं. मग चहा आणते म्हणून उठून गेल्या. चहा त्यांनी आणला नाही.

त्या गेल्यावर मी त्यांच्या खुर्चीत बसले. काकांची थापट्यांची वेळ नव्हती, पण मला राहवेना.

"काका, काल मंदार होता तेव्हा छान भिंतीकडे तोंड करून झोपलात. आज काय झालं?"

"मंदारकडे काय बघायचंय?" काका म्हणाले. "तो आपला फोनमध्ये बघत बसतो."

बोलून गेले आणि त्यांच्या लक्षात आलं. ऐंशीच्या घरातला माणूस कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झालेला मी पाहिलाय. मग ते छताकडे बघत हळूहळू बोलायला लागले, मध्ये मध्ये दम घेत.

"कारखान्याच्या क्वार्टरमध्ये दोन खोल्या होत्या. आई, वडील, धाकटा भाऊ, नंतर मुलं. भोंगा झाला की मी सायकलवरून घरी जेवायला यायचो. जेवणं झाली की सगळे जरा इकडे तिकडे पांगायचे. मी आडवा व्हायचो आणि ही शेजारी बसून बोलायची. संध्याकाळी घरात कोणी ना कोणी असायचंच. बोलायला मिळायचं ते तेवढंच. आईला ते आवडायचं नाही. म्हणायची, भरदुपारी बायकोपाशी काय लोळतोस. म्हणून मी म्हटलं, वामकुक्षी. आईपुढे शास्त्र चालायचं."

"आणि काकू बरोबर डाव्या बाजूला बसायच्या?"

"उजवीकडे मोरी होती," काका म्हणाले.

मला हसू फुटलं, पण ते टिकलं नाही. हा माणूस जिच्याकडे बघायला मिळावं म्हणून कूस बदलत होता, त्या बदललेल्या कुशीनेच उद्या तिच्यापासून लांब जाणार होता. आणि त्याला टाकी, मजले, रक्त, हवा सगळं तोंडपाठ होतं.

"हे तिला सांगू नका," काका म्हणाले. "या वयात बरं दिसत नाही."

मी कबूल केलं. मग उठून पलंगाभोवती जेवढं फिरता येत होतं तेवढं फिरले. खुर्ची उजवीकडे नेता येत नव्हती, तिथे भिंत. भिंत हलवता येत नव्हती. पण पलंगाला चाकं होती. पलंग अख्खाच फिरवला, पाय भिंतीकडे आणि उशी वॉर्डाच्या मधल्या वाटेकडे केली, तर काकांची उजवी कूस खुर्चीकडे आली असती. चांगलं फुप्फुस खाली आणि काकू समोर.

तिवारी मॅडमना सांगितलं. कारण सांगितलं नाही, एवढंच म्हटलं की भिंत समोर आली की ते वळतात. त्यांनी क्षणभर विचार केला. "ऑक्सीजन की नली पहुँचेगी?" लांब नळी होती. "तो घुमा दीजिए। कल दोपहर तक का टाइम है।" मर्सी सिस्टरना मात्र ते पटेना. ओळीने सगळ्या पलंगांची डोकी भिंतीला आणि एकाचेच पाय. "बड़ा डॉक्टर राउंड पे आएगा तो मेरे को पूछेगा, ये कौन सा फ़ैशन है!" मी म्हटलं, माझं नाव सांगा. "वो तो मैं बोलेगा ही," त्या म्हणाल्या आणि चाकांचे ब्रेक सुटतात का ते स्वतःच वाकून बघून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पलंग फिरवायला घेतला आणि काकू पलंगाच्या दांड्याला धरून उभ्या राहिल्या.

"असा फिरवला तर डोकं उत्तरेला येतं."

खरंच येत होतं. उत्तरेला डोकं करून आपल्यात कोणाला ठेवतात, हे मराठी माणसाला समजवावं लागत नाही. काकूंचा चेहरा उतरला होता. काका म्हणाले, "अगं, चुंबकाच्या सुईला उत्तर दक्षिण कळते, मला काय..." काकूंनी नुसतं बघितलं आणि ते थांबले.

मी काकूंना बाजूला नेलं. वचन दिलं होतं, त्यामुळे बोलणार तरी काय? "काकू, खुर्ची त्यांच्या उजवीकडे आली पाहिजे," एवढंच म्हटलं.

काकूंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"त्यांनी काही सांगितलं का तुम्हाला?"

"नाही."

"सांगणार नाहीतच," काकू म्हणाल्या. "वामकुक्षी म्हणे! मला काय कळत नाही होय?" आणि डोळे पुसून परत पलंगापाशी गेल्या. "फिरवा पलंग. उत्तरेचं मी बघून घेते."

पलंग फिरला. नळी लांब केली. गुप्ताजी उठून बसून बघत होते, आता आपल्यालाही फिरवतात की काय म्हणून. दुपारी काकूंनी पुरता डबा भरून आणला, दोन पोळ्यांचा, आणि मी तोंडातून ब्र काढला नाही. काका जेवले, चूळ भरली, आडवे झाले. उजव्या कुशीवर. काकू समोर.

"हं, मग?" काका म्हणाले.

"मग काय, ते सोनार सांगतात, दागिना तयार नाही. मी म्हटलं, तयार नाही तर नाही, निदान पाणी तरी विचारा माणसाला..."

मी यंत्राकडे बघत उभी राहिले. ब्याण्णव. त्र्याण्णव. काकांच्या पापण्या जड झाल्या, मिटल्या, पण ते वळले नाहीत. वळायला काही कारणच उरलं नव्हतं. नोकरीत मी हजारदा माणसं कुशीवर केली असतील, पण एका आकड्यासाठी इतका वेळ श्वास धरून उभी राहिले नव्हते. त्र्याण्णव. चौऱ्याण्णव. मर्सी सिस्टर औषधांची ट्रॉली घेऊन तीनदा तिथून गेल्या, आणि त्या बाजूला त्या वेळी औषध कोणालाच नव्हतं.

तिवारी मॅडम आल्या त्या आयसीयूत पलंग राखून ठेवलाय हे सांगायच्या तयारीने. यंत्राकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं. काका जागे झाले नाहीत. काकू सोनारावरून त्याच्या मेहुण्यावर आल्या होत्या.

"आंटी, सो गए हैं अंकल," तिवारी मॅडम हळूच म्हणाल्या. "अब आप भी थोड़ा आराम कर लीजिए।"

काकूंनी बोलता बोलता मान हलवली आणि मला मराठीत म्हणाल्या, "यांना सांगा, मला थांबता येत नाही. मी बोलायची थांबले ना, की हे जागे होतात."

तिवारी मॅडमनी मला विचारलं, काय म्हणाल्या. मी हिंदीत सांगितलं. त्यांनी फोन काढून आयसीयूतला पलंग नको म्हणून कळवलं. मग काकांची फाइल उघडून ऑक्सिजनच्या ऑर्डरखाली लिहिलं: उजवी कूस. पत्नीने समोर बसावे, बोलत राहावे. खाली सही केली.

काका घरी जाईपर्यंत ती ऑर्डर रोज तशीच पुढे लिहिली गेली.